गार्सिया, संत गोन्सालो

(सु. १५५६ – ५ फेब्रुवारी १५९७). वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर, दुभाषी आणि नागासाकीच्या २६ हुतात्म्यांपैकी एक. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेथील जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली ते वाढले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे धर्मशिक्षक म्हणून वावरताना जपानी भाषा त्यांच्या जिभेवर रुळली. जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी व्यापार धरला. त्यात त्यांचा चांगला जम बसला. तो सोडून मनिलात त्यांनी फ्रान्सिस्कन वस्त्र घेतले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून.

जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. मात्र त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून त्याच्याकडे पाठवले. त्यांचे म्हणणे हिदेयोशीपर्यंत पोचवण्याचे काम गोन्सालोंचे. समोर लहरी राज्यकर्ता, त्यात त्याची फिलिपीन्सकडून मांडलिकत्वाची मागणी. अशा दरबारात एक शब्द चुकीचा गेला तरी अनर्थ ओढवला असता. पुढे क्योतोत फ्रान्सिस्कनांचा मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटले, त्यावरचा माल जप्त झाला आणि मिशनरी म्हणजे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत, हा संशय बळावला. क्योतो व ओसाका येथे धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर नागासाकीकडे चालवत नेले. निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांना जखडून भाल्यांनी मारण्यात आले. सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. काही तर कोवळी मुले होती. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये फ्रान्सिस्कन हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले.

भाविकांच्या कथनात क्रूसच पुढे येतो, ते स्वाभाविकही आहे. पण गोन्सालोंकडून काही घ्यायचे तर ते त्या आधीच्या वर्षांतून घ्यावे लागते. सव्विसांपैकी पॉल मिकी यांचे क्रुसावरून केलेले प्रवचन प्रसिद्ध आहे. गोन्सालो मात्र आयुष्यभर बहुधा दुसऱ्याचेच बोलणे पोचवत राहिले. परकी भाषा लोकांत मिसळून शिकणे, जम बसलेला धंदा सोडणे आणि वेदी-व्यासपीठाचा मान नसलेले काम पत्करणे, या गोष्टी प्रापंचिक माणसाच्या आवाक्यातल्या आहेत.

वसई परिसरात त्यांच्या नावाचे चर्च व महाविद्यालय आहे. नागासाकीत १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकावर शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या सव्वीस ब्राँझमूर्तींत त्यांचीही मूर्ती आहे. वडील पोर्तुगीज म्हणून त्यांच्या भारतीयत्वाबद्दल काही जण शंका घेतात, आणि २००८ साली संतपद मिळालेल्या केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना पहिल्या भारतीय संत म्हटले जाते. जन्मभूमीचा निकष लावला तर हा मान वसईकडे, तोही जवळपास दीडशे वर्षे आधी जातो.