नाणार प्रकल्प-वाद (युती शासनांतर्गत)

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात नाणार व लगतच्या गावांत योजलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून महाराष्ट्राच्या भाजप-शिवसेना सरकारात (२०१४–१९) झालेला वाद. पुढे जागा बदलून तो बारसू-सोलगाव परिसरात गेला आणि आणखी दोन आघाडी सरकारांना पुरला. या वादाची मांडणी बहुधा विकास विरुद्ध पर्यावरण किंवा दिल्ली विरुद्ध कोकण अशी केली जाते. आंदोलनकर्त्या गावांपुरती ती बरोबरच आहे. सरकारातले दोन पक्ष मात्र वेगळ्याच प्रश्नावर भांडत होते, असे घटनांचा क्रम सांगतो. जमीन संपादनाची अधिसूचना काढायची व मागे घ्यायची सही कोणाच्या खात्यात राहणार, आणि ती केव्हा वापरायची, हा तो प्रश्न होता. संपादनाच्या पद्धतीतच सुधारणा करावी, गावाचा होकार कायद्याने बंधनकारक करावा, ही मागणी म्हणूनच सर्वांच्या भाषणांत आली आणि कायद्यात आली नाही.

पार्श्वभूमी : २०१४ ची विधानसभा निवडणूक दोन्ही पक्ष स्वतंत्र लढले. भाजपला १२२ आणि शिवसेनेला ६३ जागा मिळाल्या. ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारचा शपथविधी झाला तेव्हा शिवसेना विरोधी बाकांवर होती व एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. ५ डिसेंबरला तोच पक्ष मंत्रिमंडळात आला. वाटणीत उद्योग खाते सुभाष देसाई यांच्याकडे आणि पर्यावरण खाते खेडचे रामदास कदम यांच्याकडे गेले. गृह, अर्थ, महसूल ही खाती भाजपने ठेवली. रत्नागिरी जिल्ह्यातील पाचपैकी तीन आमदार त्या वेळी शिवसेनेचे व दोन राष्ट्रवादीचे होते, भाजपचा एकही नव्हता. प्रकल्पाचा राजकीय तोटा जिथे सोसावा लागणार ते मतदारसंघ आणि प्रकल्पाची कळ असलेले खाते अशी दोन्ही एकाच पक्षाच्या पदरात पडली. वादाचे बीज या खातेवाटपात आहे.

प्रकल्प : इंडियन ऑइल (५० टक्के), भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम (प्रत्येकी २५ टक्के) यांची 'रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स लिमिटेड' ही कंपनी सप्टेंबर २०१७ मध्ये स्थापन झाली. क्षमता वर्षाला ६ कोटी टन. अंदाजित खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये. जमीन सुमारे १५ हजार एकर. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामकोशी, जूनमध्ये अबुधाबीच्या ॲडनॉकशी भागीदारीचे सामंजस्य करार झाले. गावे राजापूर तालुक्यातील १४ (नाणार, सागवे, तारळ, विलये, उपळे इ.) आणि सिंधुदुर्गच्या देवगड तालुक्यातील गिर्ये व रामेश्वर ही २.

अधिसूचना : संपादन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या सहाव्या प्रकरणाखाली व्हायचे होते. हे प्रकरण बारकाईने वाचल्याशिवाय वाद कळत नाही. शासन आधी एखादे क्षेत्र औद्योगिक म्हणून अधिसूचित करून तिथे सहावे प्रकरण लागू करते. मग कलम ३२(२) ची नोटीस निघते : जमीन का संपादित करू नये, याचे कारण दाखवा. खातेदार हरकत घेतो, सुनावणी होते, आदेश होतो. त्यानंतर कलम ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन निर्वेधपणे शासनाची होते. या साखळीत खातेदाराला म्हणणे मांडता येते, अडवता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला ठरलेले स्थान नाही. साखळी सुरू करण्याचा व थांबवण्याचा निर्णय शासनाचा, म्हणजे कामकाजाच्या नियमांनुसार आधी उद्योग विभागाचा. मोजणी करणारी यंत्रणा महसुलाची, अधिसूचना उद्योगाची; युतीत ही दोन खाती दोन पक्षांकडे. नाणारची अधिसूचना १८ मे २०१७ रोजी निघाली, तेव्हा उद्योगमंत्री देसाईच होते. पुढे या प्रकल्पाला सर्वांत जाहीर विरोध करणाऱ्या पक्षाच्याच खात्याने तो कागद काढला होता, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या प्रचारात सोयीने मागे पडते.

२३ एप्रिल २०१८ रोजी नाणार परिसरातील सभेत शिवसेना पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत देसाई यांनी अधिसूचना रद्द झाल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी ते देसाईंचे वैयक्तिक मत ठरवले आणि निर्णयाचा अधिकार मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीचा आहे, असे सांगितले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. खात्याचा कारभार मंत्र्याकडे असतो, आणि मोठ्या धोरणाची नस्ती मुख्यमंत्री वर मागवू शकतात. संविधानाच्या अनुच्छेद १६६ खालचे कामकाज नियम दोन्हीला जागा देतात. एकपक्षीय सरकारात ही संदिग्धता दालनातल्या दालनात मिटते. इथे ती सभेच्या व्यासपीठावर आली, आणि खातेदाराच्या जमिनीची कायदेशीर स्थिती जिथल्या तिथे राहिली. मंत्र्याने व्यासपीठावरून केलेली घोषणा म्हणजे अधिसूचना नव्हे, एवढे साधे तत्त्व त्या आठवड्यात फार थोड्यांनी लिहिले.

अधिसूचना प्रत्यक्षात हलली ती दहा महिन्यांनी. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत दोन्ही पक्षांनी लोकसभेच्या ४८ जागांची भाजप २५, शिवसेना २३ अशी वाटणी जाहीर केली. त्याच पत्रकार परिषदेत फडणवीसांनी नाणारची प्रक्रिया रद्द करून प्रकल्प लोकांची मान्यता असेल तिथे हलवण्याचे सांगितले. मार्चच्या आरंभी उद्योग विभागाने अधिसूचना रद्द केली आणि १० मार्चला निवडणूक आचारसंहिता लागली. सप्टेंबरमध्ये भाजपची महाजनादेश यात्रा राजापुरात आली असता मुख्यमंत्र्यांनी नाणारचा पुन्हा विचार होऊ शकतो, असे सूचित केले. तोवर लोकसभा निवडणूक होऊन गेली होती.

यावर एक आक्षेप असा की, अधिसूचना गावकऱ्यांनी रद्द करायला लावली. पक्षांना श्रेय अथवा दोष देणे म्हणजे आंदोलनाचा अपमान आहे. आंदोलन नसते तर शिवसेनेला भूमिका बदलावी लागली नसती, हे मान्यच. पण आंदोलन २०१७ पासून सलग चालू होते, त्याचा जोर एप्रिल २०१८ मध्येही कमी नव्हता आणि कागद तेव्हा हलला नाही. हलला तो जागावाटपाच्या अटींत बसल्यावर. विरोधाने विषय टिकवला. वेळ कराराने ठरवली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : भागीदार पक्षाने सत्तेत राहून अंकुश ठेवणे हाच युतीचा उपयोग, मग त्याला सौदा का म्हणावे? अंकुश म्हणावे तर त्यातून पुढच्या गावाला काही मिळायला हवे होते. तसे काय मिळाले, ते पाहू.

कायदा-सुधारणा : केंद्राच्या २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के व सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास या अटी आणल्या. ३१ डिसेंबर २०१४ च्या अध्यादेशाने त्या सैल करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा केंद्रात मंत्रिपद घेऊन बसलेल्या शिवसेनेने विरोध नोंदवला. मार्च २०१५ मध्ये लोकसभेतील मतदानापासून ती दूर राहिली. अध्यादेश त्याच वर्षी ऑगस्टअखेर लोपला. मात्र २०१८ मध्ये, नाणारचे भांडण भरात असतानाच, महाराष्ट्राने त्या कायद्याला राज्यापुरती दुरुस्ती करून कलम १०५-अ व पाचवी अनुसूची घातली. महामार्ग, औद्योगिक विकास, प्रादेशिक नगररचना व गृहनिर्माण हे चार राज्य कायदे तिच्यामुळे केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. मोबदल्याच्या तरतुदींचा लाभ ठेवला. संमती व सामाजिक परिणामांचा अभ्यास वगळला गेला. केवळ सरकारी कंपनीसाठी संमतीची अट मुळातही नव्हती, असे म्हणता येईल व ते बरोबर आहे. परिणामांचा अभ्यास मात्र लागला असता, आणि त्यात जनसुनावणी आली असती. म्हणजे ज्या सरकारातले दोन पक्ष नाणारच्या लोकांचा होकार पाहिजे की नको यावर सभा घेत होते, त्याच सरकारच्या काळात होकार विचारण्याची वाट औद्योगिक संपादनापुरती बंद झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच, आणि तिच्यावर कोकणात एकही मोठी सभा गाजली नाही.

बारसू : पुढच्या (२०१९–२२) महाविकास आघाडी सरकारातही उद्योग खाते देसाईंकडेच राहिले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १२ जानेवारी २०२२ च्या पत्राने पंतप्रधानांना बारसू परिसरातील सुमारे १३ हजार एकर जागा सुचवली. राजापूरचे त्यांच्याच पक्षाचे आमदार राजन साळवी यांनी रोजगाराच्या मुद्द्यावर अनुकूल भूमिका घेतली. शिवसेना फुटून सत्तांतर झाल्यावर खाते शिंदे गटाचे, रत्नागिरीचेच उदय सामंत यांच्याकडे आले. एप्रिल २०२३ मध्ये पोलिस बंदोबस्तात माती-परीक्षणासाठी बोअर घेण्यास सुरुवात झाली, महिला सड्यावर (कातळपठारावर) आडव्या पडल्या, आणि मे महिन्यात ठाकरे तेथे जाऊन विरोधकांच्या बाजूने बोलले. पत्र केंद्राच्या मागणीवरून दिले होते, हा त्यांचा खुलासा. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरते : मधले काही आठवडे सोडले तर डिसेंबर २०१४ पासून तीन वेगवेगळ्या आघाड्यांत उद्योग खाते एका पक्षाच्या, फुटीनंतर त्याच्याच एका गटाच्या हातात राहिले आणि प्रकल्पाबाबतची भूमिका या काळात किमान तीनदा फिरली.

कातळशिल्पे : बारसूच्या सड्यावरील शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत.

हापूस व मासेमारी : पहा : विजयदुर्ग खाडी, हापूस.

दाभोळशी तुलना : गुहागर तालुक्यातील एन्रॉन प्रकल्प (पहा) हे जिल्ह्यातील आधीचे उदाहरण. मनोहर जोशी यांच्या युती सरकारने मुंडे समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द केला आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून वाढीव क्षमतेसह मान्य केला. तेथे वाद विजेच्या दराचा होता आणि करार लेखी असल्याने प्रत्येक बदलाची किंमत आकड्यांत दिसली. नाणारला अंतिम करार व्हायच्या आधीच सारे घडले. मतांचा हिशेब पाहता, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील पाचपैकी चार जागा शिवसेनेला मिळाल्या, म्हणून विरोधाचे फळ मतांत दिसले असे म्हणतात. २०२४ मध्ये राजापुरातून साळवी पडले आणि उद्योगमंत्र्यांचे बंधू किरण सामंत निवडून आले. दोन्ही निकालांत इतर कारणे, २०२४ मध्ये पक्षफूटही, मिसळलेली असल्याने त्यांवरून प्रकल्पाबद्दलचा कौल काढता येत नाही. औद्योगिक विकास अधिनियमातील कलम ३२ मध्ये ग्रामसभेच्या संमतीची तरतूद नाणार-बारसूच्या वादातल्या या तीनपैकी एकाही सरकारने घातली नाही.