अटकेपार झेंडे लावणे

अटकेपार झेंडे लावणे : वाक्प्रचार. मोठा पराक्रम गाजवणे. विशेषतः घरापासून दूर, परमुलखात नाव मिळवणे. ‘झेंडा रोवणे’, ‘झेंडा फडकवणे’ हीही रूपे रूढ.

अटक हे सिंधू नदीच्या पूर्व काठावरचे ठाणे. तिथला किल्ला अकबराने 1580 च्या दशकात बांधला. काबूलकडून हिंदुस्थानात उतरणारी वाट इथे नदी ओलांडते. सिंधू ओलांडू नये असा रूढ समज हिंदूंमध्ये होता. त्यामुळे ‘अटकेपार’ या शब्दाला अंतराहून अधिक वजन आले.

वाक्प्रचारामागची मोहीम 1758 ची. आदल्या वर्षी अहमदशहा अब्दाली दिल्ली-मथुरा लुटून परतला आणि पंजाबात मुलगा तैमूरशहा व सेनापती जहानखान यांना ठेवून गेला. त्यांच्याविरुद्ध पंजाबातल्या अदिना बेग या मोगल सरदाराने मराठ्यांना बोलावले. पेशव्याचा भाऊ रघुनाथराव याच्या फौजेने, शीख सरदारांच्या साथीने, मार्चमध्ये सरहिंद घेतले आणि एप्रिलमध्ये लाहोर. तैमूरशहा पळाला.

झेंडा प्रत्यक्ष अटकेला लागला का, यावर मात्र एकमत नाही. तुकोजी होळकर व साबाजी शिंदे यांच्या तुकड्या सिंधूपर्यंत, काहींच्या मते पेशावरपर्यंत, पोहोचल्या असे मराठी परंपरा मानते. पाठलाग चिनाबपाशीच थांबला असे म्हणणारे इतिहासकारही आहेत. स्वतः रघुनाथराव लाहोरच्या फारसा पुढे गेला नाही. मे 1758 मध्ये लाहोरहून नानासाहेब पेशव्याला पाठवलेल्या पत्रात तो लाहोर, मुलतान, काश्मीर वगैरे अटकेअलीकडच्या सुभ्यांवर बहुतांशी अंमल बसल्याचे कळवतो आणि कंदाहारची उमेद बाळगतो. म्हणजे झालेले काम अलीकडचे, पलीकडचा होता तो बेत. तरीही ‘राघोभरारी’ हे नाव त्याला चिकटले ते याच स्वारीमुळे.

पंजाब वार्षिक 75 लाखांच्या खंडणीवर अदिना बेगकडे सोपवून रघुनाथराव त्याच वर्षी परतला. मोहिमेने तिजोरी भरली नाही, कर्जच वाढवले. अदिना बेग काही महिन्यांतच वारला. पुढच्या वर्षअखेरीस अब्दालीने पंजाब परत घेतला, 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडला, आणि वर्षभराने मराठ्यांचा पानिपतावर पराभव झाला. एवढ्या अल्पजीवी यशाचा वाक्प्रचार व्हावा हे नवल वाटते खरे, पण भाषेने विजय तेवढा उचलला आणि पुढचा हिशेब बखरींवर सोडला. पानिपतासाठी मराठीत वेगळा वाक्प्रचार आहेच.

आज हा वाक्प्रचार बहुधा परदेशात नाव काढणाऱ्या मराठी माणसाच्या बातमीत भेटतो. भाषणांत तो पूर्वजांच्या पुण्याईवर मिरवण्यासाठी येतो, आणि तिथे त्याचा अतिरेक झाला आहे. घरगुती बोलण्यात सूर उलटा: ‘मोठे अटकेपार झेंडे लावून आलास!’ हे काहीच न जमलेल्याला ऐकवायचे. अटक आता पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात असून किल्ला तिथल्या लष्कराच्या ताब्यात आहे.