ख्रिस्तपुराण : काव्यघाट आणि धर्मतत्त्व

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने रचलेले मराठी ओवीबद्ध काव्य. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. पुढे साष्टीत धर्मप्रसार करताना त्याने हे काव्य रचले आणि १६१६ मध्ये रायतूर (राचोल) येथे ते रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अध्यायांना ‘अवस्वर’ असे नाव आहे. भाषा मराठी असली, तरी सामान्य श्रोत्यांसाठी तीत कोकणी शब्द मिसळले आहेत.

वैकुंठ, मोक्ष यांसारखे ओळखीचे शब्द कुणाच्याही नजरेत भरतात. पुराणाच्या घाटाने केलेले काम मात्र त्याहून खोल आहे. पुराण म्हटले की वक्ता, श्रोता आणि शंका आल्याच. इथे पाद्री-गुरू सांगतो आणि नवदीक्षित विचारतात. त्यामुळे धर्मतत्त्व आज्ञेच्या रूपात येत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. पटवून देण्याची ही रीत प्रवचनकाराची आहे. ओवीची बांधणीही तिला साथ देते : तीन चरण यमकाने पुढे सरकतात आणि आखूड चौथ्यावर अर्थ टेकतो.

मूळ बायबल मात्र एका आवाजाचे नाही. त्यात नियमशास्त्र आहे, स्तोत्रे आहेत, संदेष्ट्यांचा संताप आहे, पत्रे आहेत. हिब्रू स्तोत्रात ओळीचा पहिला अर्धा भाग जे म्हणतो तेच दुसरा वेगळ्या शब्दांत वाढवतो, आणि देवाची थोरवी त्या पुनरुक्तीतूनच ठसते. शुभवर्तमानकारांपैकी मार्क थोडक्यात, घाईने सांगतो. योहान सृष्टीच्याही आधीच्या शब्दापासून आरंभ करतो. पुराणात हे सगळे आवाज एका निवेदकात विरघळतात. त्यातून उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंत एकच वचन पुरे होत असल्याचा प्रत्यय मिळतो. चार शुभवर्तमानांतील मतभिन्नता मात्र हरवते. मोठी भक्तिकथा म्हणून काव्य यात जिंकते, बायबलचा अभ्यासक मात्र थोडा हळहळतो.

या संवादाला पोर्तुगीज सत्तेची पार्श्वभूमी आहे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि हिंदू ग्रंथांवर बंदी होती. जुनी पुराणे सोडायला लावलीत, तर बदल्यात नवे द्या, अशी मागणी काव्यातलाच एक श्रोता करतो. स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचे कौतुक करताना ही मागणी विसरू नये.

१६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून काव्य पुन्हा रोमन लिपीत छापले. देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहात सापडले. मराठी वाचकाला छापील देवनागरी पाठ मिळाला तो १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या पुण्यातील आवृत्तीमुळे.