नळदुर्गाची न लिहिलेली साहसकथा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर गेले की नळदुर्ग येते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय जडलेल्या माणसाची येथे प्रथम थोडी निराशाच होते. मान वर करून पाहावे असे शिखर नाही, दमछाक करणारी वाट नाही. बालाघाटच्या पठारात बोरी नदीने खोल घळ कापली आहे आणि त्या घळीत शिरलेल्या काळ्या खडकाच्या सपाट माथ्यावर हा किल्ला पसरला आहे. तटाचा घेर जवळजवळ तीन किलोमीटर आणि बुरुजांची संख्या शंभरावर. पण अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा अंदाज येत नाही.

आम्ही गेलो ते पावसाळ्याच्या अखेरीस. तटावर गावातली चार-पाच मुले दप्तरे बाजूला टाकून हिंडत होती. पाण्यात कुठवर उतरता येते, कोणत्या बुरुजाखाली भुयार आहे, याची माहिती त्यांनी आम्हाला न विचारता दिली. त्यांचे बोलणे ऐकताना एक प्रश्न मनात आला आणि तो परतीच्या वाटेवरही सुटला नाही. मुलांनी घराबाहेर पडून डोंगरदऱ्यांत केलेल्या साहसांच्या गोष्टींवर आमचे बालपण पोसले गेले. त्या गोष्टींत हा किल्ला आम्हाला कधीच कसा भेटला नाही?

आमच्या वाचनातले डोंगर ठरलेले होते. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. तो प्रतापगडावर गेला, काश्मीरातही जाऊन आला. गो. नी. दांडेकरांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याचा. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने घर सोडून निघाले, म्हणजे साहसी बालपण ते स्वतःच जगले होते. परंतु त्यांच्या लेखणीने आपले म्हटले ते राजमाची आणि राजगडाच्या परिसराला. हा केवळ लेखकांच्या आवडीचा प्रश्न नाही. त्यामागे एक जुना साचा आहे.

तो साचा म्हणजे शिवरायांचे बालपण. मावळातली सवंगडी मुले, कडेकपारी, पहिला किल्ला, ही मराठी मनाने जपलेली आद्य साहसकथा होय. तिच्यात डोंगर आपल्या बाजूचा असतो. तो लपवतो, वाट दाखवतो, शत्रूला थकवतो. मोठ्या फौजा, तोफा आणि रुंद खंदक हे पलीकडच्या पक्षाचे. नळदुर्ग हा आदिलशाहीचा भुईकोट धाटणीचा किल्ला. १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हा हा मुलूख त्याच्या धन्याचा होता. त्यामुळे आमच्या गोष्टींच्या नकाशात नळदुर्ग आपोआप ‘त्यांच्याकडे’ गेला. बालनायकाने जिंकावा असा तो गड नव्हता आणि राखावा असाही नव्हता.

गंमत अशी की या किल्ल्यात एक कादंबरीकार प्रत्यक्ष राहून गेला आहे. फिलिप मेडोज टेलर याचा जन्म १८०८ मधला, लिव्हरपूलचा. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, तो एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईत उतरला. ती आशा फोल ठरली आणि तो निजामाच्या सैन्यात शिरला. विशी गाठण्यापूर्वीच तो निजामाच्या मुलखात पोलिसांचा अंमलदार म्हणून घोड्यावर हिंडत होता. १८५३ च्या तहाने निजामाने काही प्रांत इंग्रजांच्या हाती दिले, त्यांत नळदुर्गही होता, आणि त्या जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. १८५७ पर्यंत तो येथे होता. मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गची गणना आपण पाहिलेल्या अत्यंत कुतूहलजनक स्थळांत केली आहे.

१८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी निघाली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी आणि नायक अफझलखानाचा तरुण मुलगा. म्हणजे आमच्या साच्याने जी बाजू परकी ठरवली, तिच्यातल्या तरुणालाही टेलरने शौर्य आणि मन दिले. तो साम्राज्याचा नोकर होता आणि इंग्रज वाचकांसाठी लिहीत होता, हे आम्ही विसरत नाही. तरीही या प्रदेशाकडे कथेचे क्षेत्र म्हणून पाहणारा तो होता, हे मान्य केलेच पाहिजे. आणि त्याच्याही कथेचा कळस अखेर प्रतापगडाच्या पायथ्याशीच गाठला जातो. डोंगराची ओढ त्यालाही चुकली नाही.

याहून महत्त्वाचा धागा पुढे आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली ती टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने. त्यानंतर ‘उषःकाल’ आली, आणि तिच्या वाटेने नाथमाधवांपर्यंत ऐतिहासिक कादंबऱ्यांची रांग लागली. किल्ला, गुप्त वाट, वेषांतर, निष्ठावान तरुण ही सामग्री याच कादंबऱ्यांनी घरोघर पोचवली आणि मुलांच्या साहसकथांना ती तयार मिळाली. म्हणजे त्या परंपरेच्या उगमाजवळ कधी काळी नळदुर्गात राहिलेला एक माणूस उभा आहे. नळदुर्ग मात्र तिच्यात नाही.

याचे कारण छापखान्यांच्या नकाशातही शोधावे लागेल. १८६० साली हा भाग पुन्हा निजामाकडे गेला. मराठी मासिके पुण्यामुंबईत निघत होती, तेव्हा निजामाच्या सरकारी शाळांत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. याच जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, ती या परिस्थितीला उत्तर म्हणूनच. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. एखाद्या मुलाच्या डोळ्यांनी सांगावी अशी ती सकाळ होती. पण ज्यांनी ती पाहिली त्यांच्यापर्यंत गोष्टी लिहिण्या-छापण्याची सोय पोचलेली नव्हती.

किल्ल्याजवळ सामग्रीची वाण नाही. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ साली, पाणीमहाल बांधला गेला. तलाव भरला की ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहून समोरून पडणारे पाणी पाहतो. सह्याद्रीतला मुलगा वर चढतो, येथला मुलगा अंधाऱ्या जिन्याने खाली उतरतो आणि पाण्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. आम्हाला तो जिना दाखवणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवलेले नव्हते. त्यांतल्या एकाने निघताना विचारले की तुम्ही शिवनेरी पाहिला आहे का, तो खरा किल्ला ना? त्याचा प्रश्न आदराचा होता आणि त्यात गैर काही नव्हते. पण तो ज्या तटावर उभा राहून विचारत होता, तोही खराच किल्ला आहे, हे त्याला सांगणारे पुस्तक आमच्याजवळ नव्हते.