सुई न टोचता हिमोग्लोबिन तपासणी : यंत्र नेमकं काय मोजतं, आकड्यावर किती विसंबायचं?

गावात आरोग्य शिबिर लागलं की हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी रांग रेंगाळते. सुई दिसली की मुलं मागे सरकतात, बऱ्याच बायाही "पुढच्या वेळी बघू" म्हणत निघून जातात. आता बोटाला चिमटा लावून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून, रक्ताचा थेंबही न काढता हिमोग्लोबिन सांगणारी यंत्रं आणि ॲप आली आहेत. यामागे खरं विज्ञान आहे. पण त्याची मर्यादा न समजता आकड्यावर विसंबलं, तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ही माहिती शेवटपर्यंत वाचा.

हिमोग्लोबिन किती हवं?

हिमोग्लोबिन हे रक्तातलं लोहयुक्त प्रथिन. फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवण्याचं काम ते करतं. ते कमी झालं की थकवा, धाप, चक्कर, छातीत धडधड सुरू होते. यालाच ॲनिमिया किंवा रक्तक्षय म्हणतात. १०० मिलीलीटर रक्तात किती ग्रॅम, असं ते मोजतात. यापेक्षा कमी असेल तर ॲनिमिया समजतात :

- पुरुष : १३
- गरोदर नसलेल्या महिला : १२
- गरोदर महिला : ११
- ५ ते ११ वर्षांची मुलं : ११.५

गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र ॲनिमिया. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे पटकन, न दुखवता होणारी तपासणी मिळाली तर फायदा मोठा आहे.

प्रकाशाने रक्त कसं मोजतात?

रात्री मोबाईलची टॉर्च लावून त्यावर बोट ठेवून बघा. बोट लालभडक दिसतं. हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, लाल प्रकाश बराचसा सोडून देतं, म्हणून असं होतं. जितकं हिमोग्लोबिन जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. यंत्राचा पाया हाच.

चिमट्याच्या एका बाजूला छोटे एलईडी दिवे असतात, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर. पण बोटात फक्त रक्त नसतं. कातडी, हाड, चरबी हेही प्रकाश अडवतात. मग रक्ताचा वाटा वेगळा कसा काढायचा? इथे नाडी उपयोगी पडते. प्रत्येक ठोक्याला बोटात थोडं रक्त वाढतं आणि पलीकडे जाणारा प्रकाश किंचित कमी होतो. हाड-कातडीचा वाटा मात्र तोच राहतो. म्हणून जो भाग ठोक्याबरोबर बदलतो, तो रक्ताचा असं यंत्र धरतं.

कोरोनातला ऑक्सिमीटर वेगळा

इथे अनेकांची गल्लत होते. ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानचे अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. घरचा ऑक्सिमीटर एक लाल आणि एक अदृश्य अवरक्त, असे दोनच प्रकाश वापरतो. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसला आहे, एवढंच तो सांगतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे तो सांगत नाही. पाच गाड्या असोत की पंधरा, सगळ्या भरलेल्या असतील तर तो ९८ टक्केच दाखवणार. म्हणून "ऑक्सिजन ९८ आहे, म्हणजे रक्त चांगलं आहे" असं कुणी म्हणालं तर मानू नका.

हिमोग्लोबिन किती आहे हे मोजायला जास्त रंगांचे प्रकाश लागतात. अमेरिकेतल्या मासिमो कंपनीच्या अशा यंत्राला तिथल्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये परवानगी दिली. भारतातही प्रयत्न झाले. मिश्किन इंगवले यांनी २०१२ मध्ये टेड परिषदेत सुईशिवाय ॲनिमिया तपासणारं 'टचएचबी' यंत्र दाखवलं होतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजण्याचा प्रयोग २०१६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने केला. तिथल्याच एमरी विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिन सांगणारं ॲप मांडलं.

मशीन लर्निंग म्हणजे काय?

बाजार समितीत मुरलेला व्यापारी मूठभर सोयाबीन हातात घेऊन ओलावा सांगतो. हजारो पोती बघून त्याचा हात बसलेला असतो. मशीन लर्निंग तसंच आहे. अनेक माणसांच्या बोटाच्या प्रकाशाची नोंद घेतात आणि त्याच माणसांचं रक्त काढून लॅबमध्ये खरं हिमोग्लोबिनही मोजतात. दोन्ही आकडे संगणकाला देतात. कोणत्या नोंदीला कोणता आकडा येतो, हे संगणक स्वतः शोधतो. मग नवीन माणसाचा प्रकाश बघून तो अंदाज सांगतो.

पण व्यापाऱ्याने फक्त सोयाबीनच बघितलं असेल, तर तुरीचा अंदाज चुकणारच. संगणकाला गोऱ्या कातडीच्या, शहरी, धडधाकट लोकांचीच माहिती दिली असेल, तर सावळ्या, शेतात राबणाऱ्या, फार कमी रक्त असलेल्या बाईच्या बाबतीत तो चुकू शकतो. ही नुसती शंका नाही. २०२० मध्ये अमेरिकेत आढळलं की साध्या ऑक्सिमीटरकडून ऑक्सिजनची धोकादायक कमतरता नजरेआड होण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट होतं.

आकडा किती चुकू शकतो?

सुईशिवाय मोजणाऱ्या यंत्रांचे ३२ अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला. सरासरी फरक नगण्य होता, पण एकेका माणसाचा आकडा लॅबपेक्षा सुमारे अडीच-पावणेतीन ग्रॅमने वर किंवा खाली असू शकतो. एमरीच्या ॲपमध्येही हा फरक सुमारे २.४ ग्रॅम होता. त्याच माणसाच्या लॅब रिपोर्टशी ॲप जुळवून घेतल्यावर तो ०.९ ग्रॅमच्या आसपास आला.

याचा अर्थ काय? गरोदर बाईला यंत्राने ११.५ दाखवलं, तर खरं हिमोग्लोबिन ९ सुद्धा असू शकतं. "११ च्या वर आहे, ठीक आहे" म्हणून ती घरी गेली, तर बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तिला धोका आहे. म्हणून हे यंत्र चाळणीसारखं वापरायचं. कुणाला आधी तपासायचं ते त्यावरून ठरवता येतं, पण औषध किंवा 'सगळं ठीक' हा निर्णय त्यावर द्यायचा नाही.

मोजताना ही काळजी घ्या

- नेलपॉलिश काढा. बोटाला मेहंदी असेल तर सांगा, दुसरं बोट वापरा.
- हात गार असतील तर चोळून गरम करा. गार बोटात रक्त कमी येतं.
- मोजताना हात हलवू नका, उन्हात बसू नका.
- बोटाला घट्टे असतील तर मऊ बोट निवडा.
- दोन-तीनदा मोजा. आकडे फार वेगळे आले तर विश्वास ठेवू नका.

रक्त काढून तपासणी कधी करायचीच?

गरोदर असाल तर यंत्राचा आकडा कितीही चांगला असो, रक्ताची तपासणी टाळू नका. धाप लागणं, पाळीत जास्त रक्त जाणं, ओठ-डोळे पांढुरके दिसणं, असं काही असेल तरीही करा. बोटातून रक्त काढताना बोट फार पिळलं तर त्यात शरीरातलं पाणी मिसळून तोही आकडा चुकतो. शिरेतून घेतलेल्या रक्ताची सीबीसी तपासणी सर्वात भरवशाची.

दुसरं म्हणजे, प्रकाश हिमोग्लोबिन किती ते सांगतो, ते कमी का आहे ते सांगत नाही. लोह कमी असेल तर गोळ्या लागतात, जंत असतील तर जंताचं औषध. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात सिकलसेल असू शकतो. तो लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, त्याची वेगळी तपासणी करावी लागते.

गरोदर महिलांना सरकारकडून लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत चालेल. शौचाला काळी झाली तर घाबरू नका, गोळी बंद करू नका.

शिबिरात सुईशिवाय तपासणी होत असेल तर जरूर करून घ्या. आकडा कमी आला तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आकडा चांगला आला आणि त्रास सुरूच असेल, तरी जा. आशाताईंना किंवा डॉक्टरांना एवढंच विचारा : "हा आकडा रक्त काढून तपासलाय का?"