गोदाकाठचा सिंह आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं चॅटिंग

हेडफोन लावलेत ना? लावा, आजचा विषय तसाच आहे.

मध्यंतरी आपल्याच संभाजीनगरच्या एका मुलीची व्हॉइस नोट आली. तिचं चॅट घरच्यांच्या हाती लागलं. त्यात फार काही नव्हतं. "जेवलास का?", दोन इमोजी, एक अर्धवट शेर. पण घरचे म्हणाले, "ही सगळी मोबाईलची थेरं. आपल्यात असलं कधी नव्हतं." तिचा प्रश्न एवढाच होता: खरंच नव्हतं का हो?

घरच्या भांडणात मी पडणार नाही. पण इतिहासाचं उत्तर तिच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पैठणला.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर एक संग्रह आहे, 'गाथासप्तशती'. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा. परंपरा सांगते की हालने एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या. कोटीचं सोडून द्या, आकडे फुगवायची सवय आपल्याला जुनीच आहे. हाल साधारण पहिल्या शतकातला मानतात, पण पुढेही संग्रहात भर पडत गेली. सगळ्या पाठांमध्ये सापडणाऱ्या गाथा ४३० च्या आसपासच आहेत.

आता गंमत बघा. गाथा दोन ओळींची, ५७ मात्रांची. आज मराठीत एसएमएस टाकला तर एका मेसेजमध्ये ७० चिन्हं बसतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे जागा साधारण तेवढीच! आणि एवढ्याशा जागेत ना लढाई, ना राजाची स्तुती. शेतकरी, वाटसरू, सुना, सासवा, आणि कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सुचवतंय.

माझी सगळ्यात आवडती गाथा गोदावरीच्या काठावरची. एक बाई आपल्या माणसाला नदीकाठच्या झाडीत भेटते. तिथेच एक धार्मिक गृहस्थ फिरायला लागतात. आधी ते एका कुत्र्याला घाबरायचे. ही त्यांना अगदी आदराने सांगते, की आता बिनधास्त फिरा, त्या कुत्र्याला आज मारलं. कुणी? तर त्याच झाडीत राहणाऱ्या सिंहाने! संपलं. गृहस्थ परत फिरकतील का? वरवर "या", आतून "येऊ नका".

दुसरी याच्या बरोब्बर उलट. घरी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सून दिवसाउजेडी दाखवून ठेवते, सासू कुठे झोपते आणि आपण कुठे. वर बजावते, की बाबा, तुला रात्री दिसत नाही, चुकून माझ्या अंथरुणावर पडू नकोस. सासूने ऐकलं तरी काय बोलणार? मूळ गाथेत सासूला 'अत्ता' म्हटलंय. आपल्या खेड्यांत अजूनही सासूला आत्याबाई म्हणतात, ते आठवलं की ही बाई एकदम शेजारच्या गल्लीतली वाटते.

हे नुसतं चावटपणाचं प्रकरण नाही हं. नवव्या शतकात, तिकडे काश्मीरमध्ये, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्द एक सांगतात आणि अर्थ दुसराच पोचतो, याला त्याने ध्वनी म्हटलं. हे समजावताना त्याने अगदी सुरुवातीलाच याच दोन गाथा घेतल्या. भारतीय काव्यशास्त्रातला एवढा मोठा सिद्धांत, आणि त्याची उदाहरणं कुठली, तर गोदाकाठच्या झाडीतली आणि सासूच्या खोलीतली.

मेसेज पोचवायला तेव्हा मैत्रीण असायची, दूती. एका गाथेतली दूती तर भलतीच हुशार. ती त्याला सांगते की मी दूतीही नाही आणि तू तिचा कुणी नाहीस, मला काय करायचंय. फक्त ती मरेल आणि नाव तुझं खराब होईल, म्हणून धर्म म्हणून सांगते. सीन करून गप्प बसणाऱ्याला याहून चांगला रिमाइंडर मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. टीकाकार रेवा, माधवी अशा काही कवयित्रींची नावं देतात, पण संग्रहात बहुसंख्य नावं पुरुषांची आहेत. म्हणजे गाथेतली सगळी धीट बाई खरोखरच्या बायकांनी लिहिली असं नाही. कुत्र्याची गोष्ट रचायची वेळ तिच्यावर आली, कारण ती सरळ बोलू शकत नव्हती. सासूची भीतीही खरीच होती. तेव्हा "पूर्वी सगळं मोकळं होतं" असंही कुणी सांगू नये.

पण "आपल्यात नव्हतं"? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मराठी किती जुनी हे दाखवताना पुढे केलेल्या पुराव्यांत गाथासप्तशती होती. हीच, वाटसरूवाली.

त्या मुलीला मी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत आणलेल्या गाथासप्तशतीचं नाव पाठवलं. भलं जाडजूड पुस्तक आहे. रात्री तिचा रिप्लाय आला, "दादा, हे घरी ठेवू कुठे?"