आरामखुर्चीपासून विजेच्या पलंगापर्यंत

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात पूर्वी एक कापडी आरामखुर्ची हमखास असे. मागील पट्ट्यांस खाचा. आडवी काठी एका खाचेतून काढून दुसरीत बसविली की पाठ हवी तशी कलावी. बदलीचा हुकूम आला की घडी घालून तिची रवानगी मालडब्यात. घरातील कलत्या-उठत्या सामानाचा आमचा इतिहास हा असा. त्यात मोटरचा प्रवेश फार उशिरा झाला.

तो झाला रुग्णशय्येच्या वाटेने. १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील शल्यवैद्य विलिस गॅच यांनी तीन भागांचा पलंग योजिला. हँडल फिरविले की रोग्याची पाठ व गुडघे उचलले जात. पुढे हँडलाची जागा विजेच्या मोटरने घेतली. मोटर आट्यांचा दांडा फिरविते, त्यावरील नट सरकतो आणि पलंगाचा भाग वर येतो. या आट्यांचा गुण असा की वीज गेली तरी वरचा भार त्यांना उलट फिरवू शकत नाही. रोगी धाडकन खाली येत नाही.

मद्रासेत विजेची ट्राम १८९५ मध्येच धावली. परंतु वीज असणे निराळे आणि ती अखंड असणे निराळे. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळाने शहरातील हजारो झाडे आडवी केली, तारा तुटल्या. आमच्या भागात चार दिवस अंधार होता. अर्धांगाने अंथरुणास खिळलेले आमचे वडील त्या वेळी भाड्याच्या मोटर-पलंगावर अर्धे उठून बसलेले. आट्यांचा तो गुणच आता वैरी झाला; पाठ काही केल्या खाली येईना. अखेर शेजारच्या दोन तमिळ मुलांनी त्यांना अलगद उचलून सतरंजीवर निजविले. काही पलंगांस अशा प्रसंगासाठी लहान बॅटरी असते, काहींस हाताचे हँडलही. आमच्या पलंगास दोन्ही नव्हते; आणि घेताना आम्ही ते विचारलेही नव्हते!

याच शहरातील आय. आय. टी. ने २०१९ मध्ये ‘अराइज’ ही चाकांची खुर्ची पुढे आणली. बसलेला अपंग मनुष्य तीत आपला आपण उभा राहू शकतो, आणि तेही मोटरवाचून. ही निवड आम्हांस शहाणपणाची वाटली. अर्थात ज्याच्या हातांत बळ उरले आहे त्याच्यापुरती. आमच्या वडिलांना तिचा उपयोग नव्हता.

त्यांच्यासाठी पुढे पलंग घेतला तो हँडलाचाच. फिरविताना तो कुरकुरे. आठवड्यातून एकदा आई त्यात तेलाचे दोन थेंब सोडी.